पदरावरचा हात

३ एप्रिल १९९२, शुक्रवार

"बाई, तुमच्या कमरेला भरली घागर व्हती."

सरजाबाई मला हे चौदा वर्षांपूर्वी म्हणाली. ओरडून नाही. जळक्या घरातून ती तवा, विळा, असलं काहीबाही शोधत होती. मी शेताकडे निघाले होते. थांबून विचारलं, कशी आहेस. तिने वर न बघता एवढंच सांगितलं आणि परत राख उकरायला लागली.

नामांतराचं वर्ष होतं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरल्याची बातमी आली आणि आठवडाभरात आमच्या कोथळवाडीत बौद्धांची सहा घरं पेटली. तेव्हा मी माजघराच्या दारात उभी होते. घागर कमरेवर होती. पण ओसरीत मामंजी आणि गावातले चार पुरुष बसलेले. बसलेल्या पुरुषांसमोरून सुनेने जायचं नाही. मी पाय उंबऱ्यावर ठेवला तसे मामंजी खाकरले. मी मागे फिरले, पाणी रांजणात ओतलं. त्याच पाण्याने नंतर भाकरीचं पीठ मळलं.

आज हे आठवायला कारण झालं. भुजंगराव, माझे धाकटे दीर, सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसले. दोन वेळा सरपंच झालेला माणूस, पण घरात लाघवी.

"वैनी, सरकारनं नवा घोळ घातलाय. शंभरात तीस जागा बायांना. नऊ मेंबरांत तीन बाया पायजेत. आपल्याच वार्डात बाईची जागा आलीय."

"मग जाऊबाईंना उभं करा."

"तिला सही येत न्हाई. तुमी धावीपर्यंत शिकलेल्या, वालूरच्या मास्तराची लेक. तुमाला काय बी करायचं न्हाई. घरची जागा घरातच ऱ्हावी, बस्स."

मी नाही म्हटलं नाही. लाज वाटली, आणि त्याच्याखाली थोडा आनंद झाला. वडील म्हणायचे, वहीत खोटं लिहू नको, बाकी कुठे बोललीस तर चालून जाईल. म्हणून लिहून ठेवते: आनंद झाला.

या वहीची पानं ह्यांना मिळालेल्या सोसायटीच्या जुन्या डायरीतली आहेत. दुपारी सगळे कलंडले की धान्याच्या खोलीत बसून लिहायचं ठरवलंय.

९ एप्रिल, गुरुवार

मानवतला जाऊन फॉर्म भरला. साहेबाने विचारलं, "पूर्ण नाव सांगा." मी माझं सांगितलं आणि थांबले. "पुढं?" म्हणाला. मागे रांगेतले पुरुष हसायला लागले. ह्यांचं नाव मी सव्वीस वर्षांत तोंडाने घेतलेलं नाही. शेवटी त्याने कागद माझ्याकडे सरकवला आणि मी लिहून दिलं. लिहायला काही वाटलं नाही. इथे वहीत मात्र लिहवत नाही, गंमतच आहे.

पत्रक छापून आलंय. वर माझं नाव, खाली हात जोडलेले भाऊजी. कडूबाई धनगरीण तिसऱ्या वार्डातून उभी आहे. नवरा वारल्यावर चाळीस मेंढरं एकटीने सांभाळते. पत्रक बघून म्हणाली, "रुख्मिणे, तुला मिशा कवा फुटल्या गं?"

१४ एप्रिल, मंगळवार

जयंतीची मिरवणूक मारुतीच्या पारापर्यंत आली आणि वळून गेली. मी माडीच्या खिडकीतून बघितली. सरजाबाई पांढऱ्या लुगड्यात पुढे होती. तीही उभी आहे, मागासवर्गीय स्त्रीच्या जागेवर.

उन्हाळा लागला की भीमनगरच्या बाया आमच्या मळ्यातल्या विहिरीवर येतात. त्यांनी पोहरा टाकायचा नाही, आमच्यापैकी कुणी ओढून ओतायचं. मी ओढून देते. कधी एकीला दोन घागरी जास्त देते आणि मनाला तेवढंच बरं वाटतं. सरजाबाई चौदा वर्षांत एकदाही आलेली नाही. ती नदीच्या वाळूत झिरा उकरते आणि वाटीवाटीने घागर भरते. मळ्यातून ती दिसते. वाकलेली पाठ तेवढी दिसते.

२८ एप्रिल, मंगळवार

मी निवडून आले. एकसष्ट मतांनी. हार भाऊजींच्या गळ्यात पडले. गुलालही त्यांच्यावरच उधळला. माझ्यापर्यंत आला तो जाऊबाईंनी कपाळाला लावलेला.

दुपारी मात्र सोनारआळीतली एक म्हातारी काठी टेकत आली. मला हात लावून बघितलं, आणि म्हणाली, "आजवर गड्यालाच ठप्पा मारला. यंदा बाईला मारला. हात थरथरला माजा." आणि निघून गेली. तिचं नाव मी विचारायला हवं होतं.

नऊ जण असे: भाऊजी आणि त्यांच्या बाजूचे तिघे. विरोधातले बन्सीधर आणि चंद्रभान, हे दोघे. आणि आम्ही तिघी. सरपंच आता या नवांनी आपसांत निवडायचा, आठ मेला.

४ मे, सोमवार

गिरणीत गर्दी होती. कडूबाईने मला बोलावून घेतलंच होतं. सरजाबाई ज्वारीची पाटी घेऊन बाहेरच्या ओट्यावर बसली होती. भीमनगरचं दळण शेवटी लागतं, मग तिथेच बसावं लागतं. आम्ही दोघी तिच्या शेजारी जाऊन बसलो. गिरणीचा आवाज एवढा, की कुणाला काही ऐकू जाण्याची भीती नव्हती.

कडूबाई म्हणाली, "हिसाब सोपा हाय. बन्सीधर आन् चंद्रभान भुजंगरावाला पाडायला भुताला बी मत देतील. मी बोललेय त्यांच्यासंगं. ते दोगं, आमी तिगी. पाच. सरजा सरपंच."

"मला सरपंचकीची हौस न्हाई," सरजाबाई म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती, पण बघत होती पाटीकडे. "गावाला बोअर एकच मंजूर झालाय. सरपंच बोट दावतो तिकडं मशीन जाती. धा वरसं बगायलाय मी, कुणाच्या दारात बोट जातंय ते. एक डाव भीमनगरात जाऊ द्या. मंग काडा मला."

ग्रामसेवकाने दिलेलं नियमांचं पुस्तक मी वाचलं होतं. सांगितलं, की मतदान हात वर करून होतं, पण एकानेही मागणी केली तर चिठ्ठ्या टाकून होतं. कुणाला कळत नाही कुणी कुणाला दिलं.

सरजाबाईने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "चिठ्ठी कशाला? आमचं सगळं आजवर अंधारातच झालंय. ह्ये तरी उजेडात व्हऊ द्या." आणि मग, "पाच झाले का, बाई?"

मी म्हटलं, "झाले." तिचा विश्वास बसला नसावा. म्हणून मी तिच्या पाटीतल्या ज्वारीवर हात ठेवला. अन्नावर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही आमच्याकडे. ती त्या हाताकडे बघत राहिली. माझ्या हाताने तिचं धान्य विटाळलं असं तर तिला वाटलं नसेल ना, असा वेडा विचार माझ्या मनात आला.

"हात लावलात त्ये लावलात," ती म्हणाली. "आठ तारखेला त्योच हात दिसू द्या."

घरी येताना पाय हलके झाले होते. ह्यांना जेवताना सांगितलं. सव्वीस वर्षांत ह्यांच्यापासून काही लपवलं नाही, आता कसं लपवू. हे शांतपणे ऐकत होते. "हूं," म्हणाले. "तुला वाटतं तसं कर." मला रडूच आलं. किती घरात असं म्हणणारा नवरा असतो? जेवून हे भाऊजींकडे बियाण्याचं काहीतरी बोलायला गेले.

५ मे, मंगळवार

भाऊजी मानवतहून माझ्यासाठी पातळ घेऊन आले. गर्द जांभळं, जरीचा काठ, हाताला लागलं की पाण्यासारखं घसरतं. "वैनी, मेंबर झालात. आठ तारखेला परभणीचा साहेब येणार हाय. सुती लुगड्यात बरं दिसंल का?" मी म्हटलं, मला सवय नाही असल्याची. "व्हईल. सगळ्याची सवय व्हईल," म्हणाले.

मला अपराधी वाटलं. मी भाऊजींविरुद्ध हात उचलणार आणि ते माझ्यासाठी साडी आणतात. सासरे म्हातारे, थोरले दीर नाहीत, या घराचा सगळा भार भाऊजींनीच वाहिला. पण ज्वारीवर हात ठेवलाय. सरपंचपद दोनदा भोगून झालंय त्यांचं, यंदा नाही मिळालं तर त्यांचं काय अडणार आहे? सरजाबाईचं अडतंय.

८ मे, शुक्रवार

लिहवत नाही.

९ मे, शनिवार

लिहिते. जसं झालं तसंच लिहायचं.

पंचायतीच्या खोलीत पुरुषांना खुर्च्या, आम्हा तिघींना भिंतीशी सतरंजी. मधे कडूबाई, एका अंगाला मी, आणि सरजाबाई दोन हात सोडून सतरंजीच्या टोकाला. तिला तिथे बसायला कुणी सांगितलं नव्हतं. मीही जवळ ये म्हटलं नाही.

साहेबाने दोन नावं वाचली. भुजंगराव किशनराव, आणि सरजाबाई आश्रुबा. बाहेर दारात माणसं दाटलेली. सरजाबाईचं नाव ऐकून कुणीतरी शीळ घातली. साहेब म्हणाला, "गुप्त मतदानाची कुणाची मागणी?" कडूबाईने मला कोपर मारलं. मी सरजाबाईकडे बघितलं. तिने मान हलवली, नको. साहेब पुढे गेला.

तेवढ्यात दाराशी गडबड झाली. माणसं बाजूला झाली. दोघांनी खुर्चीसकट मामंजींना उचलून आत आणलं. दोन वर्षं झाली, मामंजींनी ओसरी सोडलेली नाही. संडासालाही धरून न्यावं लागतं. आणि काल त्यांना धुवट धोतर, फेटा, सगळं घालून आणलेलं. भाऊजी म्हणाले, "अण्णांची इच्छा व्हती, सुनंला खुर्चीवर बगायची." खुर्ची मला नव्हतीच, पण ते असो. मला भरून आलं. म्हाताऱ्या माणसाला एवढं वाटलं माझ्याविषयी. त्यांची खुर्ची बरोबर माझ्यासमोर ठेवली, चार हातांवर.

मी पदर पुढे ओढला, कपाळ झाकेपर्यंत. ते पातळ घसरत होतं. दोनदा ओढला, दोनदा मागे गेला.

"भुजंगराव यांच्या बाजूने हात वर करा."

चार हात वर गेले. साहेब मोजत होता. मामंजी खाकरले.

तसंच खाकरले. चौदा वर्षांपूर्वीचंच. पदर अंबाड्यावर घसरला होता. माझा उजवा हात वर गेला आणि डोक्यावर पदर धरून राहिला.

"पाच," साहेब म्हणाला.

भाऊजी म्हणाले, "बरुबर. वैनींचा हाय."

ग्रामसेवकाने वहीत लिहिलं. मी बघितलं त्याला लिहिताना. तोंड उघडायला हवं होतं. 'साहेब, मी पदर सावरत होते,' एवढेच शब्द. पण मामंजींच्या समोर मी आजवर मोठ्याने बोललेले नाही. त्यांना काही सांगायचं असलं तर सासूबाईंच्या तोंडून, त्या गेल्यावर ह्यांच्या तोंडून.

मग सरजाबाईचं नाव. तिचा, कडूबाईचा, बन्सीधरचा, चंद्रभानचा. चार हात. माझा हात तसाच डोक्यावर होता. साहेब माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, तुम्ही एकदा दिलं ना? आता खाली घ्या हात." सगळे हसले. मी हात खाली घेतला. पदर पडला. पुन्हा धरला.

सरजाबाई हसली नाही, रागावली नाही. माझ्या तोंडाकडेही तिने बघितलं नाही. माझ्या हाताकडे बघितलं. मग उठली, चपला घातल्या आणि गेली.

घरी भाऊजी माझ्या पाया पडले. "वैनी, घराची इज्जत राकली तुमी." त्यांना काय माहीत. त्यांना खरंच वाटलं असेल की मी त्यांना मत दिलं. आणि हे म्हणाले, "झालं ते बरं झालं. वाद मिटला."

एक गोष्ट राहिली. साहेब पाच म्हणाला तेव्हा मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. माझ्याकडून काही न करता होऊन गेलं म्हणून. हे कुणाला सांगणार नाही, पण वहीत खोटं लिहायचं नाही.

१० मे, रविवार

काल लिहिलं ते पुन्हा वाचलं. हात पदरासाठी वर गेला, असं लिहिलंय. तसंच होतं का? हात मनाला विचारून वर जात नाही, आणि मग मला कसं कळणार तो कशासाठी गेला?

जेवण जात नाही. ज्वारीला हात लावला की आठवतं.

१३ मे, बुधवार

ग्रामसेवकाकडे गेले. म्हटलं, इतिवृत्तात माझं मत चुकीचं लिहिलंय. तो तरुण आहे, भला आहे. दार लोटून घेतलं त्याने. "बाई, सह्या झाल्यात. तुमचीही सही आहे." दाखवली. होती. माझी वळणदार, मास्तरांच्या लेकीची सही. केव्हा केली ते आठवत नाही. वही समोर आली असणार, बोट दाखवलं असणार, केली असणार.

"हात वर होता का नव्हता?" त्याने विचारलं.

"होता."

"मग?"

परत येताना कडूबाई भेटली, मेंढरं घेऊन. बोलणार नाही असं वाटलं होतं. पण ती न बोलता राहणारी नाही.

"जांबळं पातळ कुणी दिलं व्हतं गं तुला?"

"भाऊजींनी."

"आन् म्हाताऱ्याला कुणी आणलं खुर्चीवर?"

"त्यांची इच्छा होती. सुनेला बघायची."

"म्हातारा बोलला का तुज्यासंगं घरी आल्यावर? बेस झालं म्हणला का?"

नाही बोलले. घरी आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून झोपले. थकले असतील.

"आपलं ठरलेलं कुणाला सांगितलं व्हतंस का?"

"ह्यांना फक्त. आणि हे कुणाला सांगणार?"

कडूबाई हसली. लय वेळ हसली, काठीवर रेलून. का हसतेस म्हटलं तर म्हणाली, "न्हाई गं माय. मेंढरं आठवली." मेंढरं तर तिच्यासमोरच होती.

ती संशयी बाई आहे. एकटी राहून राहून माणूस तसं होतं. ज्या दिरांना मी मिसरूड फुटायच्या आधीपासून जेवू घातलं ते असं काही करतील, हे माझ्या मनाला शिवत नाही. आणि समजा शिवलं तरी काय? हात माझा होता.

१९ मे, मंगळवार

आज भीमनगरला गेले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. दोनशे पावलं आहेत आमच्या घरापासून.

सरजाबाई दारात शेणाने सारवत होती. मला बघून उठली नाही. बसा म्हणाली नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. पातळ कसं घसरत होतं, मामंजी कसे खाकरले, हात कसा गेला. ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली,

"त्या वक्ताला बी पदरच व्हता का? घागर व्हती तवा?"

तिने शेणाचा हात जमिनीवरून एकदा फिरवला.

"बाई, मी तुमाला खोटं म्हणत न्हाई. तुमी म्हणता तसंच झालं आसंल. पदर घसरला आसंल. पर दर डावाला तुमचा पदर सावरायचा आन् आमचं घर जळायचं, आमची घागर रिकामी ऱ्हायची, ह्ये कसं काय जुळतंय त्ये तुमीच सांगा."

आश्रुबा, तिचा नवरा, आतून म्हणाला, "पाणी तरी विचार गं त्यांना. ऊन हाय."

"विचारलं आसतं," ती म्हणाली. "त्यांनी घेतलं न्हाई तर मला परत ओतून द्यावं लागंल. आन् इथं पाणी लय लांबनं येतं."

मी म्हटलं, "दे. पिते मी."

तिने माझ्याकडे बघितलं. "न्हाई," म्हणाली, आणि परत सारवायला बसली.

येताना घसा कोरडा पडला होता. घरी माठ भरलेला होता. बराच वेळ मी त्याला हात लावला नाही. मग प्यायले. प्यायलेच शेवटी.

२६ मे, मंगळवार

नोटीस आली. शनिवारी, तीस तारखेला मासिक सभा. विषय तिसरा: मंजूर बोअरची जागा ठरवणे.

भाऊजींनी जेवताना सांगितलं, बोअर आपल्या मळ्याच्या कोपऱ्यावर घ्यायचा. "रस्त्याला लागून हाय. समद्या गावाची सोय." समदं गाव म्हणताना त्यांनी हात फिरवला तो भीमनगरच्या अलीकडे थांबला. मी म्हटलं, भीमनगरला विहीर नाही. भाऊजी हसून म्हणाले, "वैनी, तुमी हायत ना त्यांना ओढून द्यायला. पुण्य तुमालाच." हेही हसले.

सरजाबाई हरकत घेणार आणि मत मागणार, असं ग्रामसेवकाने हळूच सांगितलं. पुन्हा तेच नऊ जण, आणि ठरावाला चिठ्ठ्या नसतात, हातच. चार तिकडे, चार इकडे, आणि मी. पाऊस लागायच्या आत मशीन येऊन जाईल. एकदा भोक पडलं की ते उचलून दुसरीकडे नेता येत नाही. पुढचा बोअर किती वर्षांनी, कुणास ठाऊक.

म्हणजे अजून एकदा आहे. हे कळल्यापासून मला झोप नाही. हरलेल्याला परत तिथेच उभं करायचं, ही कसली दया?

२८ मे, गुरुवार

ह्यांना म्हटलं, मामंजींना शनिवारी नका नेऊ, ऊन फार आहे. हे म्हणाले, "अण्णांना त्या दिवशी बरं वाटलं. भुजंग म्हणतो, दर सभेला नेऊ. घरात पडून त्यांना करमत नाही." मी म्हटलं, त्यांनी स्वतः सांगितलं का तसं? हे म्हणाले, "तू हल्ली फार विचारतेस."

मग मी मामंजींकडेच गेले. चहा ठेवायच्या निमित्ताने. कपबशी ठेवून उभी राहिले. बोलायचं ठरवून गेले होते. त्यांनी डोळे उघडून बघितलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते नेहमीच गळतं. त्यांना आता नीट दिसतही नाही. मी समोर पदर घेऊन उभी आहे का नुसती, हे त्यांना कळत असेल का? हे मनात आलं आणि मी हादरले. पण तरी डोक्यावरचा पदर मी चाचपून बघितला. बोलले नाही.

२९ मे, शुक्रवार

दुपार. दार लावून घेतलंय.

माझं जुनं सुती लुगडं नेसले आणि फळीवरच्या आरशासमोर बसले, पंचायतीत बसते तशी मांडी घालून. कपाळापर्यंत पदर ओढला. हात वर केला. पदर मागे गेला. पुन्हा केला. पुन्हा गेला. पिन लावून बघितली, पदर राहिला पण केस ओढले गेले आणि तिसऱ्या वेळी कापड टरकलं. डाव्याने पदर धरला तर उजवाही पदराकडेच धावला, म्हणून उजव्याने पदर धरून डावा हात वर करून बघितला. पण डाव्या हाताचं मत ग्रामसेवक धरेल का, आणि गाव काय म्हणेल, आणि हे सगळं करताना मला कुणी बघितलं तर वेडी म्हणेल. एवढं करून कळलं, की दोष जांभळ्या पातळाचा नव्हता. सुती लुगड्यातही तेच.

पदर पडू द्यावा, असंही बसल्या बसल्या म्हणून बघितलं. 'पडू दे.' मोठ्याने म्हटलं. खोलीत कुणी नव्हतं, तरी दोन्ही हात डोक्यावर गेले.

राजीनामा लिहायला घेतला होता. दोन ओळी लिहिल्या आणि फाडला. मी मेंबरकी सोडली तर चार-चार होतील, आणि बरोबरीत सरपंचाचं मत दुहेरी, असं पुस्तकात आहे. म्हणजे मी सोडून गेले तरी जीत त्यांचीच, गप्प बसून राहिले तरी त्यांचीच. माझा हात दिसला तरच काही होईल, आणि तो हात माझ्या हातात नाही.

एकच गोष्ट सुचली आहे. सकाळपासून तीच डोक्यात आहे. तिच्यात शहाणपण किती आणि भित्रेपणा किती ते मला सांगता येत नाही. गड्याच्या बायकोजवळ चिठ्ठी देऊन भीमनगरला पाठवते आहे. सरजाबाईला चौथीपर्यंतचं वाचता येतं, म्हणून अक्षर मोठं काढलंय. ती नाही म्हणणार. तिने का हो म्हणावं? सगळ्या गावासमोर, मामंजींसमोर, माझ्या डोक्याला तिने हात लावायचा, तोही माझी लाज राखायला. तिच्या जागी मी असते तर चिठ्ठी चुलीत टाकली असती. तरी इथे उतरवून ठेवते, उद्या जे होईल ते होवो.

'सरजाबाई, उद्या सतरंजीवर माझ्या उजव्या अंगाला, अगदी लागून, बसाल का? मी तुमच्या बाजूने हात वर करीन. तो खाली येईपर्यंत माझा पदर तेवढा धरून ठेवाल का?'